संस्था चांगली असेल हो, पण ती आमच्यासाठी आहे का?

"ताई, ती संस्था इथल्या गोऱ्या लोकांची. आपल्याला कोण विचारतंय तिथे?"

अशा रुग्णांसाठी काम करणाऱ्या क्रोन्स अँड कोलायटिस यूके या संस्थेचं नाव काढलं, की आतड्याचा जुनाट आजार घेऊन इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकते. कधी तो इंग्रजी येत नाही म्हणून येतो, कधी 'आपल्यात असं कुणाला नसतं' म्हणून. लंडनजवळच्या स्लाव या गावी राहणाऱ्या एका बाईंनीही तो विचारला होता. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल ते तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे. मी त्यांना ताईच म्हणायचे, त्याही मला ताईच म्हणायच्या.

वय चाळिशीच्या अलीकडे. शाळेच्या स्वयंपाकघरात काम, घरी नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांसाठी गावाहून आलेल्या सासूबाई. आजार अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त आणि आव पडते. त्रास बळावला की दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागतं. हा कुणाकडून लागत नाही, कुणाला लागतही नाही. तिखट खाल्ल्यानेही होत नाही, तरी ताईंना तेच वाटत होतं. मिरची सोडून वर्ष झालं होतं.

पहिल्या भेटीत त्या एवढंच म्हणाल्या, "पोट बरं नसतं." मी सरळ विचारलं, "संडासवाटे रक्त पडतं का?"

त्या गप्प झाल्या आणि मग रडायला लागल्या. आपल्या भाषेत हे त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. निदान व्हायच्या आधी वर्षभर त्या डॉक्टरकडे जात होत्या, आणि नवऱ्याला सुट्टी नसायची म्हणून सोबत मुलगा. बोलायचा तोच. आईने लेकाला काय सांगावं? 'पोटात दुखतं' इतकंच सांगितलं, तितकंच त्याने डॉक्टरांना सांगितलं. रक्ताचा शब्द त्या खोलीत निघालाच नाही, आणि वर्ष हातचं गेलं.

याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. मुलांना दुभाषी करू नका. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे रुग्णाला द्यावे लागत नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, "मला मराठी दुभाषी हवी, बाई असेल तर बरं." हिंदी चालेल का, असं विचारतील. हिंदीत तुम्हाला हे सगळं मोकळेपणी बोलता येत असेल तर चालेल म्हणा, नाहीतर मराठीच मागा.

आता त्या संस्थेविषयी. क्रोन्स अँड कोलायटिस यूके ही संस्था १९७९ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. आज आजारासोबतचं जगणं सुसह्य करायचं आणि उद्या हा आजारच उरू नये यासाठी संशोधनाला हातभार लावायचा, असं तिचं ध्येय आहे. त्यासाठी हेल्पलाइन आहे, साध्या भाषेतली माहिती आहे, गावोगावचे गट आहेत. ब्रिटनमध्ये दर १२३ माणसांत एकाला क्रोन्स (पचनमार्गाला सूज आणणारा, कोलायटिसच्याच जातीचा आजार) किंवा कोलायटिस आहे, म्हणजे ५ लाखांहून जास्त लोक, हा हिशेबही याच संस्थेने पुढे आणला. मी ताईंना म्हटलं, "गणपतीच्या हॉलमध्ये अडीचशे माणसं जमली, तर या हिशेबाने तुमच्यासारखं आणखी एक तरी माणूस तिथे असेल." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तर आरतीला दाराजवळच उभी राहते. पटकन जाता यावं म्हणून. तिथे दुसरंही कुणी उभं असायचं का, कधी बघितलं नाही."

समावेशाचं म्हणाल, तर या संस्थेचं एक काम मला फार जवळचं वाटतं. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहांवर फक्त चाकाच्या खुर्चीचं चित्र असायचं. संस्थेने पाठपुरावा केला, आणि अनेक सुपरमार्केटांत, स्टेशनांवर, विमानतळांवर 'प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या. पाटीने काय होतं, असं वाटेल. ताईंना विचारा. एका दुकानात त्या अशा स्वच्छतागृहातून बाहेर आल्या, तर रांगेतली एक बाई फटकन म्हणाली, "तुम्हाला तर काही झालेलं दिसत नाही." ताई 'सॉरी, सॉरी' म्हणत निघून आल्या. त्या दिवसापासून बाहेर पडायच्या आधी त्यांनी पाणी पिणंच बंद केलं. आधीच शरीरातलं पाणी जातंय, आणि त्यात हे.

खरी अडचण आली ती 'अपंग' या शब्दाची. "मी अपंग नाही हो," त्या कळवळून म्हणाल्या. "गावाकडे कळलं तर काय म्हणतील?" इथे मी घाई केली नाही, दोन भेटी त्यावरच घालवल्या. इथला २०१० चा समानता कायदा रोजच्या जगण्यावर मोठा आणि दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या आजाराला अपंगत्व मानतो, तो आजार मधूनमधून उफाळणारा असला तरीही. असा शब्द मनाला लावून घ्यावा लागत नाही, पण कामाच्या ठिकाणी तो उपयोगी पडतो. ताईंना भीती होती की स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईने पोटाचा आजार आहे म्हटलं तर नोकरी जाईल. आजार संसर्गाचा नाही असं हॉस्पिटलच्या नर्सकडून लिहून घेतलं आणि मुख्य स्वयंपाकिणीला दाखवलं. न विचारता काम सोडून स्वच्छतागृहात जाता येईल, एवढंच मागितलं. तिने लगेच मान्य केलं.

हेल्पलाइनचा नंबर मी पहिल्याच भेटीत दिला होता. त्यांनी फोन केला नाही, आणि नुसता नंबर हातात ठेवणं पुरेसं नव्हतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पुढे आम्ही कागदावर चार वाक्यं लिहिली, मोठ्याने म्हणून बघितली, आणि त्यांनी माझ्या शेजारी बसून फोन लावला. तिसऱ्या वाक्याला अडखळल्या. पलीकडची व्यक्ती थांबली, घाई केली नाही. फोन ठेवल्यावर ताई म्हणाल्या, "मला कुठली आहेस असं विचारलंच नाही. त्रास कधीपासून आहे ते विचारलं."

औषधाचीही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अनेकजण इथेच अडतात. ताईंना रात्री झोपताना मेसालाझिनचा एनिमा, म्हणजे सूज कमी करणारं पातळ औषध गुदद्वारातून, घ्यायचा होता. डाव्या कुशीवर पडून घ्यायचा आणि तसंच पडून राहायचं. घरात एकच बाथरूम, भिंतीपलीकडे सासूबाई. ताई तो चुकवायच्या. रक्त थांबलं की गोळ्याही थांबवायच्या, आणि दोन महिन्यांत पुन्हा सुरुवात. बरं वाटत असतानाही औषध चालू ठेवायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. लाज आड येत होती. शेवटी एक दिवस त्यांनी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हातारीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "किती वाजता लागतं बाथरूम?" तेव्हापासून दहानंतर त्या बाजूला कुणी फिरकत नाही.

सध्या ताईंचा आजार शांत आहे. घराच्या किल्ल्यांसोबत आता एक जाडजूड किल्ली असते, जिला इथे रडार की म्हणतात. ही योजना १९८१ पासून आहे, आणि देशभरातली हजारो कुलूपबंद अपंग-स्वच्छतागृहं त्या एका किल्लीने उघडतात. परवा मुलाने ती हातात घेऊन विचारलं, ही कशाची? ताईंनी सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, रक्तासकट.

तो किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई, तेव्हा मी डॉक्टरांना नीट सांगितलं नव्हतं का?"

"मी तुला सांगितलंच नव्हतं रे," ताई म्हणाल्या.