सॉफ्टवेअर कंपनी चुकांतून खरंच शिकते का, हे तपासायचं कसं?

तुम्ही विचारलंय की चाळीस माणसांच्या कंपनीत ज्ञान कितपत टिकतं हे मोजायला कोणती चौकट वापरावी. चौकटी ढीगभर आहेत. सीएमएमआय, म्हणजे कंपनीची कामाची पद्धत किती पक्की आहे हे जोखणारी चौकट, तिच्या पाच पायऱ्या तुम्हाला माहीत असतीलच. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत तर ७.१.६ हे कलमच संस्थेच्या ज्ञानावर आहे. ऑडिटर येतो, फोल्डर बघतो, चहा पिऊन जातो. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

मी हिंगणघाटजवळच्या गावात राहून जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. कंपनी शहरातली, प्रमाणपत्र रिसेप्शनवर काचेत. कापसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी. मधे लाइन गेली किंवा खाली करायला नंबर लागला नाही, तर रिकामं वजन दुसऱ्या दिवशी होतं. भाव मात्र भरलेली गाडी मोजली त्या दिवशीचाच, असा जिनवाल्याचा शब्द. कोडमध्ये त्यासाठी एक विचित्र दिसणारी अट होती. नव्या पोरांनी साफसफाईत ती उडवली. ऐन हंगामात भाव पडला आणि आदल्या रात्रीच्या गाड्यांना सकाळचा भाव लागला. काट्यावर ही गर्दी, अन् फोन मला: "काहून भाऊ, रात्री एक भाव अन् सकाळी दुसरा?" पावत्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या.

हीच चूक आधीच्या एका हंगामातही झाली होती! 'शिकलेले धडे' नावाच्या फोल्डरात तिची सुबक नोंद होती: कारण, उपाय, तारीख, सही. ऑडिटमध्ये त्याच फोल्डरचं कौतुक झालेलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, मध्यरात्र ओलांडणाऱ्या पावतीची एक टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम, लिहा; मग कोणी अट काढली की बिल्डच अडेल, नवी आवृत्ती बाहेरच पडणार नाही. साहेब म्हणाले, "आपल्या नोंदींच्या साइटवर, विकीवर टाकलंय ना, वाचतील."

तेव्हा वर्षभरातल्या मोठ्या चुका काढा आणि त्यांतल्या किती पुन्हा झाल्या ते बघा. नोंदीतून टेस्ट निघाली का? विकीचं पान लिहिणाऱ्याखेरीज कोणी उघडलं का? ते सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं, साहेबांना विचारायची गरज नाही. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे संशोधक व्हिक्टर बॅसिली यांनी नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या कामातून अनुभव गोळा करून पुढच्या प्रकल्पांना पुरवणारा गट वेगळा ठेवायची कल्पना मांडली. तिच्यात दम आहे, पण चाळीस जणांत वेगळा गट कुठून आणणार? एकाच्या गळ्यात ही जबाबदारी घाला. तो मॅनेजर नको, त्याला पानांची संख्या दाखवायची असते.

हां, वैद्यकीय उपकरणांचं सॉफ्टवेअर करत असाल तर कागद ठेवावेच लागतात. टेंडरमध्ये सीएमएमआय मागितलं तर तेही घ्या. फक्त ऑडिटरला फोल्डरसोबत टेस्टही चालवून दाखवा. आमच्या साहेबांना मी हे मेलवर लिहून दिलं होतं. उत्तर यायचंय.