चिखलात किती हवा?

प्रश्न : आप्पा, मोहोळ तालुक्यात सीनेकाठी आमची शेती आहे. फडाकडे खत-वैरण न्यायला जुनी एटीव्ही (फुगीर टायरांची, हँडलवाली चारचाकी रानगाडी) घेतली. या पावसात बांधाच्या कोपऱ्यात दोनदा रुतली, ट्रॅक्टरने ओढावी लागली. गावातल्या पंक्चरवाल्याने २५ हवा भरली होती. मेव्हणा म्हणतो, २ वर आणा, तरंगत जाईल. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, ता. मोहोळ

उत्तर : पाहुणे, दोघांचंही नको.

पंक्चरवाल्याला बोल लावू नका, त्याच्या हाताखालून दिवसभर मोटारसायकली जातात. एटीव्हीचा टायर पोटाने मोठा आणि मुळातच मऊ. कोरड्या रानात बहुतेक गाड्यांना ५ ते ७ पौंड पुरते. गाडीवर कंपनीची पट्टी चिकटवलेली असते, चिखल पुसून तो आकडा आधी वाचा. २५ भरलात की टायर फुगून मधलाच पट्टा जमिनीला टेकतो.

मेव्हण्यांचा सल्ला मी स्वतः आजमावलाय. भाच्याच्या रानात २ वर आणून ऐटीत निघालो. वळणावर हँडल मारलं आणि पुढच्या टायरचं बीड (जिल्हा नव्हे, रिमला धरून ठेवणारा टायरचा काठ) सुटलं. हवा गेली, आत चिखल गेला. काळ्या मातीचा चिखल म्हणजे खळच. रिम धुऊन टायर परत बसवेपर्यंत दिवस मावळला. भाचा अजून चहा देताना ‘मामा, किती हवा?’ विचारतो.

आता आकड्याकडे येऊ, पण त्याआधी वेळूची काठी घेऊन त्या कोपऱ्यात खोचा. वीतभरावर मुरूम खट्‌कन लागला तर ६ ठेवा. टायर चिखल कापत खाली उतरतो आणि मुरमाला धरतो. इथे हवा कमी केलीत तर उलट वरच लोळत राहाल. काठी वीतभराच्या खाली फुटापर्यंत सरकत गेली, कडक तळ लागेना, तर ४. टायर पसरतो, भार वाटला जातो, मऊ पडलेले कंगोरे वाकताना माती झटकतात. मागे खताची पोती असतील तर मागच्या चाकांना पौंडभर जास्त ठेवा. आणि काठी फूटभराहून खोल जात असेल तर वळसा घाला. गाडीचं पोट एकदा टेकलं की हवा कितीही असो, चाकं नुसती गरगरतात.

पेट्रोल पंपावरच्या गेजवर या कामात विसंबू नका. १० च्या खाली त्याचा भरवसा नाही, आणि इथे एका पौंडाने खेळ बदलतो. ० ते १० वाचणारा छोटा गेज घ्या. मोजायचं सकाळी, टायर गार असताना. आपल्या सोलापूरच्या उन्हात सकाळचे ५ दुपारी सव्वासहा होतात, काही न भरता. डावी-उजवीकडची हवा सारखी हवी. सुतळीने दोन्ही मागच्या टायरांचा घेर मोजा. फरक असेल तर गाडी एका अंगाला ओढते, आणि चिखलात ते फार जाणवतं.

चिखलात शिरल्यावर मधेच थांबू नका, एकाच चालीने चला. पकड सुटतेय वाटलं तर हँडल थोडं डावी-उजवीकडे हलवा, टायरच्या कडा बाजूची माती धरतात. चाक जागीच फिरायला लागलं की मात्र लगेच ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर स्वतःच खड्डा खणाल. बाहेर आल्यावर पायपंपाने हवा पूर्ववत करा. ४ हवेत दगडावरून गेलात तर रिम वाकते.

आणि तो एकच कोपरा दरवर्षी गाडी गिळत असेल तर तिथे दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घ्या.