गोळा आधी तोल, मग रंगव

प्रिय बेटा,

तुझं पत्र आणि गोळा, दोन्ही मिळालं. गोळा देखणा आहे. पण हवेच्या झोतावर ठेवला, की दर वेळी त्याची एकच बाजू खाली येते. तिथं वजन जास्त आहे. कापसाच्या पऱ्हाटीवरचा लाल ढेकूण वरून जागीच धरून, पायांखाली गोळा फिरेल असा यावर चालवलास, तर तो स्वतः वळला की गोळ्यानं त्याला वळवलं, हे तुला कळणारच नाही. इतकी मेहनत त्यात वाया जाईल, म्हणून हा गोळा बाजूला ठेव.

नुसत्या तळहातावर घासू नकोस. गोळ्याच्या व्यासाच्या साधारण पाऊण तोंडाचा लोखंडी पाइप घे, त्याची कड कानशीनं धारदार कर आणि फोमचा तुकडा त्यावर चहूबाजूंनी फिरवत राहा. गोल वस्तू कुठूनही कापली तरी काप वर्तुळच येतो. त्यामुळे कड फक्त उंचवटे खरवडते. हात हलका ठेव. नाकातोंडाला रुमाल बांध, भुगा फार बारीक असतो.

आता वजन. हवेवरचा भरीव गोळा फिरवताना किड्याच्या पायांना गोळ्याच्या वस्तुमानाच्या दोन पंचमांशाइतका जडपणा जाणवतो. म्हणजे गोळा किड्याच्या अडीचपट असला, तर त्याला आपलंच अंग पुढे नेल्यासारखं वाटेल. घनमीटरला 20 किलो भरणाऱ्या थर्माकोलचा 5 सेंटिमीटर व्यासाचा गोळा सुमारे 1.3 ग्रॅमचा, व्यास दुप्पट केलास की वजन आठपट. पण फार लहान केलास, तर किड्याला जमीन सपाट न वाटता टेकाडावर उभं राहिल्यासारखं होतं. केळ्यांवर घोंगावणारी ड्रोसोफिला माशी तर जेमतेम 1 मिलिग्रॅमची. तिच्यासाठी 6 ते 10 मिलिमीटरचे पॉलियुरेथेन फोमचे गोळे करतात, तेही तिला जडच पडतात. तरी ती चालते. 1976 साली जर्मनीत एरिख बुखनर यांनी हवेवर तरंगणाऱ्या गोळ्यावर माशी चालवूनच तिची नजर अभ्यासली होती.

थर्माकोलवर स्प्रे पेंट मारू नकोस. माझा पहिला गोळा त्यातल्या द्रावकानं खाल्ला. पोस्टर कलरचे वेडेवाकडे ठिपके दे, म्हणजे कॅमेऱ्याला फिरणं ओळखता येतं. मत्स्यटाकीच्या पंपाची हवा धडधडत येते, मधे एक रिकामी बाटली जोड. आणि कूलर बंद ठेव. उन्हाळ्यात प्रयोग पहाटेच कर.

वीस ढेकूण डबीत घालून सराफाच्या काट्यावर तोल, रिकाम्या डबीचं वजन वजा कर. आकडा कळव, मग व्यास ठरवू.

तुझा,
सर