सील बदलायला टाकलेली स्प्लेंडर आणि ‘हाफ इंजिन करा’ म्हणणारा मिस्त्री

भाऊ, व्हॉल्व सील (व्हॉल्ववरून ऑइल आत गळू न देणारं रबर) बदलायला गाडी टाकली आणि हेड उतरल्यावर मिस्त्री बोअरचं काम, म्हणजे हाफ इंजिन (सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन-रिंगा, खालचा क्रँक न उघडता) काढतोय, तर तो फसवतोय का, असं विचारलंय तुम्ही. आधी मला सांगा, तुळजापूरच्या घाटात धूर कधी येतो? रेस सोडून उतरलात आणि खाली परत रेस दिल्यावर निळा भपकारा आला, तर सील नाहीतर गाइड (व्हॉल्व ज्या नळीत सरकतो ती). चढताना रेस आहे तोवर सारखा धूर असेल, तर रिंगा-बोअर, आणि मिस्त्री खरं बोलतोय.

वडिलांच्या स्प्लेंडरला मी हाच घोळ घातलाय. आधी नुसतं सील. महिन्याभरात ऑइल परत कमी. मग बोअर मारून ०.२५ चा (पाव मिमी मोठा) पिस्टन टाकला. गाडी अशी उचलायला लागली की मी सात रस्ता चौकात भेटेल त्याला सांगत होतो! दोन महिन्यांत खालून टकटक सुरू. वर कॉम्प्रेशन नवं, खाली बिग एंड (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो ते बेअरिंग) जुनंच. त्याला तो दणका झेपला नाही. तिसऱ्यांदा इंजिन उतरवलं, तेव्हा वडील काही बोलले नाहीत, नुसते बघत उभे राहिले.

म्हणून ब्लॉक (सिलिंडर) निघालाच तर तिथं स्वतः हजर राहा. पिस्टन वरच्या टोकाला आणून रॉड धरा आणि सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. पण वर-खाली जरा जरी खेळ लागला, तर हाफ इंजिनवर पैसे घालू नका. केसिंग उघडायचं, रॉड किट टाकायचं, क्रँक प्रेसवर बसवून डायल लावून सरळ करून घ्यायचा. टायमिंग चेन, बेअरिंगं, ऑइल सील त्यातच उरकतात, मजुरी एकदाच.

खेळ नसेल तर बोअरवर थांबा. पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याच्या हातात द्या. तो त्या पिस्टनच्या मापानं बोअर मारेल. स्टँडर्ड बोअर ५० मिमीचा, म्हणजे ०.२५ ला ५०.२५. आमच्याकडे एकानं आधी बोअर मारून घेतला आणि मग पिस्टन शोधत फिरला. आणलेला ब्लॉक साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, होनिंगची (बोअर आतून घासल्याची) भुकटी राहिली तर नव्या रिंगा लगेच जातात.

रनिंग (नवा पिस्टन बसेपर्यंतची सावकाश चालवणी) मात्र सोलापूरच्या दुपारी करू नका. पहाटे होटगी रोडला काढा, ताशी ५० च्या आत, रेस कमी-जास्त करत. ५०० किमीला पहिलं ऑइल बदला.

रॉडला खेळ निघाला का, ते कळवा.