फिर्गज, इगर्जी आणि गिऱ्हाईक

विचारणा : वसईच्या एका लग्नपत्रिकेत 'धर्मग्राम' असा शब्द वाचला. हे पॅरिशचं भाषांतर का? जुना शब्द कोणता? (एक वाचक, कोथरूड)

हो, पॅरिशच. एका चर्चखालची वस्ती म्हणजे धर्मग्राम. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत, आणि त्याचा प्रमुख बिशप. पुण्याचा धर्मप्रांत १८८६चा, वसईचा १९९८चा. तरी 'अमुक धर्मग्रामाचे बिशप' असं बिनदिक्कत छापतात! कलेक्टरला तलाठी म्हणण्यातला प्रकार.

पण खरी गंमत जुन्या शब्दात आहे. गोव्याच्या कोकणीत पॅरिशला 'फिर्गज' म्हणतात. आमच्या कट्ट्यावरचे एक विद्वान तो 'फिरंगी'तून काढतात आणि वर चहा मागतात. साफ चूक. फिरंगी आला 'फ्रँक' लोकांच्या नावावरून. फिर्गज आला पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'तून, तो 'फ्रेगेश'मधून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फिलिउस एक्लेसिए', म्हणजे चर्चचं लेकरू. जीभ घसरत घसरत 'ल'चा 'र' झाला, 'क'चा 'ग' झाला. आपली 'इगर्जी', म्हणजे चर्च, तीही त्याच 'एक्लेसिया'ची, तिथेही 'क्ल'चा 'ग्र' झालाच. म्हणजे इगर्जी आई आणि फिर्गज तिच्या लेकरांचा गोतावळा!

आता ऐका. पोर्तुगीजमध्ये 'फ्रेगेश' म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा. देवळाचं लेकरू दुकानात कसं शिरलं? माझं मत असं, की ठरलेला पाद्री तसा ठरलेला वाणी. आपल्याकडेही उपाध्यांची घरं ठरलेली असत, त्या घरच्यांना ते 'यजमान' म्हणत. दुसऱ्याचा यजमान पळवला तर भांडण. म्हणून फ्रेगेशला मी 'बांधलेलं गिऱ्हाईक' म्हणतो. कोशवाले दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी छापून मोकळे होतात, मधला धागा दाखवायचे कष्ट घेत नाहीत.

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, गोव्यात पोर्तुगीज १९६१पर्यंत राहिले. फिर्गज तिकडे मुरला, त्यामागे ही सव्वादोनशे वर्षं असावीत. आणि आपण? पेशव्यांनी दिलेल्या जागेवर क्वार्टर गेटला चर्च उभं राहिलं, त्याला आपण 'सिटी चर्च' म्हणतो. कॅम्पातल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला मात्र 'लाल देऊळ'!

अरे हो, पत्रिका. त्यातला 'धर्मग्राम' बरोबरच आहे. अहेर द्या.