सिग्नलवर मिळणारा दीडशे रुपयांचा गॉगल वापरल्याने डोळ्यांना उलट अपाय होतो का?

आपण विचारले आहे की, औषध कंपनीच्या कामासाठी दिवसाचे सहा-सात तास दुचाकीवर उन्हात जातात, त्यासाठी सिग्नलवरून घेतलेला काळा गॉगल आपण वापरता, आणि ‘असल्या गॉगलने डोळे जास्त बिघडतात’ असे एका सहकाऱ्याने सांगितल्यापासून तो लावावा की टाकून द्यावा, हे कळेनासे झाले आहे. सोलापुरात माझे चष्म्याचे दुकान आहे आणि मार्च ते जून या काळात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी काउंटरवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहकाऱ्याचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. स्वस्त गॉगलला ते सरसकट लावणे मात्र चूक आहे. डोळ्यांची मुख्य हानी उन्हातील अतिनील किरण करतात, म्हणजे ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे, आणि ते आपल्याला दिसत नसल्यामुळे काच काळी आहे म्हणून तेही अडले असतील, असे धरून चालता येत नाही. कडक उन्हात आपण आपसूक डोळे किलकिले करतो आणि बाहुली बारीक होते, ही शरीराने स्वतःच केलेली सोय आहे. काळ्या काचेमागे डोळा निवांत होतो, पापण्या सैलावतात, बाहुली मोठी होते. अशा वेळी काच अतिनील किरण अडवत नसेल, तर ते अधिक प्रमाणात आत जाण्याची शक्यता खरोखरच असते.

आता गंमत सांगतो. माझ्या दुकानात नोटा तपासण्याचा अतिनील टॉर्च आहे; त्याच्या उजेडात आपल्या नोटेवरील क्रमांक चमकतो, कारण तो तशाच शाईने छापलेला असतो. एका गृहस्थांनी दोन गॉगल आणले होते: एक शंभर रुपयांचा रस्त्यावरचा, दुसरा वडिलांच्या वेळचा, फिकट निळ्या जाड काचेचा, कौतुकाने जपलेला. टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये गॉगल धरायचा आणि नोटेकडे गॉगलमधून नव्हे, तर बाजूने उघड्या डोळ्यांनी पाहायचे, एवढीच ही परीक्षा. जपलेल्या गॉगलमागे क्रमांक लख्ख चमकत राहिला आणि शंभर रुपयांच्या गॉगलमागे तो विझला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण यात चमत्कार काही नाही. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक मुळातच बहुतेक अतिनील किरण शोषून घेते आणि ते महागही नाही, उलट साधी काच त्यातील बराच भाग पलीकडे जाऊ देते. अर्थात, त्याच टोपलीतला दुसरा गॉगल भलत्याच प्लॅस्टिकचा असू शकतो, आणि ‘यूव्ही ४००’चे स्टिकर कोणीही कशावरही चिकटवू शकते. स्वस्त मालाचा खरा दोष हाच की, त्याची हमी घेणारे कोणी नसते. शिवाय त्या काचा पुष्कळदा लहरी असतात, सरळ रेषा त्यांतून वाकडी दिसते आणि तासाभरात डोके दुखू लागते. ही परीक्षा ठोकळ आहे, आणि जांभळा उजेड देणाऱ्या अगदी स्वस्त टॉर्चने ती फसते, कारण त्याचे किरण ४०० च्या अगदी काठावरचे असतात.

काचेपेक्षाही लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ती गोष्ट म्हणजे फ्रेमचा आकार. शेतात किंवा बांधकामावर आयुष्य गेलेल्या माणसांच्या डोळ्यांत पांढऱ्या बुबुळाकडून काळ्या बुबुळावर सरकणारे त्रिकोणी मांस वाढलेले आपण पाहिले असेल. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. ते बहुतेक वेळा नाकाच्या बाजूलाच वाढते. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की, कानाच्या बाजूने तिरपा आलेला प्रकाश पारपटलाच्या (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याच्या) घुमटातून वाकून नेमका नाकाकडच्या काठावर एकवटतो. म्हणजे समोरची काच कितीही चांगली असली, तरी बाजूची फट उघडी राहिली की निम्मे काम वाया गेले. जपानमधील कानाझावा येथील संशोधकांनी पुतळ्याच्या डोळ्यांत संवेदक बसवून मोजणी केली, तेव्हा हिवाळा सोडून इतर दिवसांत डोळ्यांवर सर्वाधिक किरण भर दुपारी नव्हे, तर सकाळी आणि दुपार कलल्यावर पडतात असे आढळले. सूर्य डोक्यावर असताना भुवयांचा कंगोरा सावली धरतो. आपल्या भेटीगाठींच्या वेळा साधारण त्याच असणार, तेव्हा चिंचोळ्या फॅशनच्या फ्रेमऐवजी गालाला आणि कानशिलाला लगटून बसणारी फ्रेम घ्यावी.

खरेदी करताना ‘४०० नॅनोमीटरपर्यंत अतिनील संरक्षण’ लिहून मिळेल, अशा दुकानातूनच गॉगल घ्यावा. काळेपणाचे ० ते ४ असे वर्ग असतात. आपल्या उन्हाला ३ वर्ग पुरतो, त्यातून ८ ते १८ टक्के दृश्य प्रकाश आत येतो. ४ वर्गाचा गॉगल लावून गाडी चालवू नये, तो बर्फासाठी आहे. (मनालीहून बर्फात उतरणारी आपली मंडळी मात्र तेथेच गॉगल खिशात ठेवून फोटो काढतात, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो आणि काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते.) ‘पोलराइज्ड’ काच ओल्या डांबरावरची किंवा बॉनेटवरची तिरीप मारते, त्याचा अतिनील संरक्षणाशी थेट संबंध नाही, परवडत असेल तर जरूर घ्यावी.

आपण हेल्मेट वापरत असाल तर त्याची पारदर्शक पुढची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते, आणि ती खाली असेल तर पुष्कळ काम तीच करते. नंबरचा चष्मा असेल तर पांढऱ्या पॉलिकार्बोनेट काचाही संरक्षणाच्या दृष्टीने चालतात, काळ्याच हव्यात असे नाही. गाडीवरून उतरल्यावर रुंद काठाची टोपी घातली तर डोळ्यांपर्यंत येणारे किरण सुमारे निम्म्याने कमी होतात.

मोतीबिंदूच्या भीतीने आपण विचारत असाल, तर ऊन हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नाही. वय, मधुमेह, तंबाखू आणि डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घातलेले स्टेरॉइडचे थेंब हीही त्यात येतात, आणि हे शेवटचे आपल्या व्यवसायातल्या माणसाला मी वेगळे समजावण्याची गरज नसावी. डोळ्यांत मांस वाढू लागले असेल तर गॉगलने ते मागे सरणार नाही, त्यासाठी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे लागेल.

सध्याचा गॉगल टाकण्यापूर्वी जवळच्या चष्म्याच्या दुकानात तपासून घ्या. पुष्कळ ठिकाणी टॉर्चऐवजी टक्केवारी दाखवणारे छोटे यंत्र असते, अर्ध्या मिनिटात उत्तर मिळते आणि त्याचे पैसे निदान मी तरी घेत नाही.