आईला बाईच्या हवाली कसं करू?

औषधांची फाईल मांडीवर घट्ट धरून कुणी समुपदेशनाला माझ्यासमोर बसलं की पुढचा प्रश्न मला आताशा आधीच कळतो. घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस असतं, त्याचं सगळं करणारं एकच जण असतं. त्या एकाची झोप उडालेली, रक्तदाब वाढलेला. रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मदतीला बाई ठेवा, नाहीतर डे केअरला पाठवून बघा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. "पण मॅडम, परक्याच्या हवाली कसं करायचं?" सुना विचारतात, लेकी विचारतात, सत्तरीचे नवरेही विचारतात.

प्रदीपरावांनी (नाव बदललं आहे, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत) विचारलं नाही, ठणकावून सांगितलं. "ब्यूरोची बाई माझ्या घरात येणार नाही. चाळीस डबे करून वाढवलंय तिनं मला."

वडील लवकर गेले. आईनं डोंबिवलीत डबे सुरू केले, आणि शाळेतून आल्यावर संध्याकाळचे डबे हा सायकलवरून पोचवायचा. आता आई एक्याऐंशीची. बायकोची नोकरी चालू, म्हणून यांनी व्हीआरएस घेतली. दिवस कसाबसा जायचा. साडेचार वाजले की आई उठायची, ओट्यापाशी जायची. "डबे गेले का रे?" दिवस कलताना अस्वस्थता वाढणं या आजारात नेहमी दिसतं. इथे त्या अस्वस्थतेला चाळीस गिऱ्हाइकं होती.

त्यांच्या हातांवर ओरखडे होते. आंघोळीच्या वेळी आई नखं मारते, म्हणाले.

माझी जडणघडण विवेकनिष्ठ विचारातली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा हा विचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणला, आणि तेव्हापासून आमच्यासारख्यांचा कान आधी वाक्यातल्या 'च'कडे, म्हणजे 'असंच व्हायला हवं' या हट्टाकडे जातो. प्रदीपरावांचं वाक्य होतं, "मीच करायला हवं." मी म्हटलं, "यातला 'च' काढून बघा."

ते क्षणभर थांबले. "काढला. मी करायला हवं. तेच ना, मॅडम?"

इतक्या वर्षांच्या अनुभवात मला असं गप्प करणारे थोडेच भेटलेत.

शेवटी हर्नियाच्या ऑपरेशननं त्यांना भाग पाडलं. आईला उचलायचं, सावरायचं नाही, अशी ताकीद मिळाली आणि 'फक्त महिनाभर' या अटीवर ब्यूरोची बाई आली. त्यानंतरच्या भेटीला ते आले ते चिडूनच.

"ती बाई आईशी खोटं बोलते."

"काय बोलते?"

"आईनं विचारलं, डबे गेले का? तर म्हणते, गेले आजी, आत्ताच नेले. उद्याची मेथी निवडायची का? आणि आई बसते की निवडत! तासभर."

"तुम्ही काय सांगता?"

"खरं ते. आई, डबे बंद होऊन बावीस वर्षं झाली."

"मग?"

"मग रडते. दार उघडून जिन्यापर्यंत जाते."

"रोज?"

"रोज."

मी म्हटलं, "म्हणजे धंदा बंद पडल्याची बातमी तिला रोज साडेचारला नव्यानं कळते."

बराच वेळ ते फाईलच्या नाडीशी खेळत राहिले. मीही बोलले नाही. अशा शांततेत तोंड न उघडणं, हे मला या पेशात सगळ्यात उशिरा जमलं. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या बाईला आई आधी कशी होती ते माहीतच नाही ना. तिच्यासाठी हीच आई."

हे वाक्य मी त्यांना दिलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते मी अनेक घरांत पोचवलं आहे. घरच्या माणसासमोर सतत दोघी असतात: चाळीस घरांचा हिशोब तोंडपाठ असलेली आई, आणि आजची आई. आपण आजच्या आईला दुरुस्त करत राहतो, कारण ती कालची आई परत यावी असं वाटतं. परक्या बाईला ते ओझंच नाही. ती समोर आहे त्या आजींशी बोलते.

"म्हणजे ती बाई माझ्यापेक्षा बरी?"

"आंघोळीला, हो." जरा कठोरच बोलले, पण ते बोलायला हवं होतं. "तुम्ही कोण हे आईला नेहमी कळत असेलच असं नाही. पण एक पुरुष आपले कपडे उतरवतोय, एवढं कळतं. नखं का लागतात ते बघा. पण मला सांगा, चाळीस डबे कुणाकुणाचे होते, हे त्या बाईला ठाऊक आहे?"

त्यांचा चेहराच बदलला. अमक्यांच्या डब्यात लसूण नाही, क्वार्टर्समधल्या एका गृहस्थांना भात जास्त, कोपऱ्यावरच्या कंपाउंडरचे पैसे कायम पुढच्या महिन्यात. सगळं धडाधड.

"मग साडेचारची वेळ तुमची," मी म्हटलं. "बाकीचं तिला करू द्या."

खोटं बोलावं की नाही या वादात मी फारशी पडत नाही. 'गेले' म्हणायला जीभ वळत नसेल तर म्हणू नका. विचारा, आज भाजी कुठली होती? आई दुरुस्त झाली नाही तरी निवांत होते, आणि या आजारात निवांत संध्याकाळ ही मोठी कमाई आहे.

आता थोडं व्यवहाराचं, कारण अडतं तिथेच. ब्यूरोकडून बाई घेताना पोलीस पडताळणीचा कागद मागा, संकोच करू नका. पहिला आठवडाभर तुम्ही घरात असा. 'तुझ्यासाठी बाई ठेवली' असं आईला सांगू नका, कुठलीही स्वाभिमानी बाई बिथरेल. 'माझ्या मदतीला आल्यात' म्हणा. आईच्या सवयी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा: चहात साखर किती, कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते, कशाची भीती वाटते. दाराला वरच्या बाजूला कडी आणि आईच्या कपड्यांत नाव-फोनची चिठ्ठी हवीच.

भावंडांना 'काहीतरी मदत करा' म्हणाल तर काहीही होत नाही. 'दर दुसऱ्या शनिवार-रविवारी तू येऊन राहा' म्हणा. होईल असं नाही, पण नकार तरी स्पष्ट मिळेल.

डे केअर मुंबई-पुण्यात मोजकी आहेत, तालुक्याच्या गावी बहुधा नाहीतच. पण फोन सगळीकडे आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डर लाईन आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि तो फक्त आजाऱ्यासाठी नाही, थकलेल्या तुमच्यासाठीही आहे. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा आपल्याकडेही आहेत. आधारगटाची बैठक कुठे होते ते त्यांना विचारा आणि एकदा तरी जा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे 'आमच्याच घरी' असं म्हणणारी किती घरं असतील बघा.

आणि हो, बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी अजून झाली नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ती करा; त्यांच्या बिघाडानंही विसरायला होतं.

महिना संपला, बाई राहिली. हातांवरचे ओरखडे गेले. काही महिन्यांनी प्रदीपरावांचा फोन आला. रोज साडेचारला ते शर्ट बदलतात, खाली एक फेरी मारून वर येतात आणि डबे पोचले म्हणून सांगतात. 'खोटं' हा शब्द त्यांच्या तोंडून काही आला नाही, मीही काढला नाही.

"काल उशीर झाला, मॅडम. दारात उभी होती. म्हटलं, आई, सायकल पंक्चर झाली."

"मग?"

"म्हणाली, पद्या, रोज रोज कशी रे पंक्चर होते तुझी सायकल?"